कुलूप लागलेली वंशावळ

माझा धंदा काय, असं सोयऱ्याधायऱ्यांत कुणी विचारलं की माझी आई सांगायची, "सिद्राम टीव्हीवर टायपिंग करतोय." त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. बिदर जिल्ह्यातल्या कमलनगरच्या बसस्टँडसमोर, जीपा लागतात त्या बाजूला, माझं दहा बाय बाराचं दुकान. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, दोन बाकं आणि गणपतीचा फोटो. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, तहसीलचे अर्ज, बारशाची कार्डं. मराठीत, कानडीत, आणि कुणी उर्दू मागितली तर ती बिदरला पाठवायची. पुढं इंटरनेट आलं तेव्हा पाटीवर तेही रंगवून घेतलं. माझी बायको शोभा टायपिंगची परीक्षा पास. तिची बोटं माझ्यापेक्षा चपळ, आणि हे ती मला दिवसातून एकदा तरी ऐकवायची.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना आधी थोडं सांगितलं पाहिजे. नव्वदीत कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतं. आपण 'क' म्हणून जे बघायचो ते त्याच्या लेखी इंग्रजीतलं भलतंच चिन्ह असायचं. कंपनीचं सॉफ्टवेअर त्या चिन्हावर 'क'चं चित्र बसवायचं, एवढंच. आणि ते सॉफ्टवेअर चालायला कॉम्प्युटरच्या पाठीमागं, प्रिंटरची वायर लागते तिथं, काडेपेटीएवढी एक डबी खोचावी लागायची. तिला आम्ही 'लॉक' म्हणायचो. डबी असली तर मराठी, नसली तर पडद्यावर नुसता कचरा. ती डबी मी हैदराबादच्या एका डीलरकडून आणली होती आणि येताना रेल्वेत छातीशी धरून बसलो होतो.

इंटरनेट आलं तेव्हाची गंमत निराळी. बिदरला एसटीडी फोन लावून कनेक्शन घ्यायचं, ते पाऊण तास किरकिरायचं, आणि एक पान उघडेपर्यंत गिऱ्हाइकाचा चहा पिऊन व्हायचा. मराठी वेबसाइट उघडली तर निम्म्या वेळा चौकोनच चौकोन दिसायचे, कारण तिथंही ज्याचा त्याचा वेगळा फॉन्ट. आमच्याकडं एक रिटायर मास्तर यायचे. त्यांच्या कवितांचं एक फुकटातलं पान मी करून दिलं होतं. खाली किती जणांनी पाहिलं त्याचा आकडा यायचा. मास्तर रोज येऊन तो आकडा बघायचे आणि म्हणायचे, "सिद्राम, एक वाढला की रे! अमेरिकेतून असंल." तो एक म्हणजे तेच, काल आलेले. मी कधी सांगितलं नाही. इतकं खरं बोलून काय करायचंय!

पण मला सांगायचंय ते मल्लाप्पा हेळव्याबद्दल.

आमच्या भागात हेळवी म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. हेळवी सुगी झाली की गावोगाव फिरतो. पूर्वी बैलावर बसून यायचा, आता एसटीनं येतो. ठरलेली घरं असतात. दारात उभा राहून तो त्या घराची वंशावळ म्हणतो: अमक्याचा तमका, तमक्याचा फलाणा, मूळ गाव कोणतं, तिथून का उठले, कोणत्या दुष्काळात कुठं आले. घरचे त्याला जोंधळे देतात, जुनं धोतर देतात. आम्ही धनगर. माझे पूर्वज मेंढरं घेऊन फिरायचे, त्यांना सातबारा कुठला आणि पहाणीचा उतारा कुठला! आमचे कागद म्हणजे हेळव्याची वही. सोयरीक जुळवताना कूळ कोणतं, हेही तिच्यातच बघायचं.

दोन हजार सालच्या आसपास एक दिवस दुपारी मल्लाप्पा दुकानात आला. साठीचा, काटक, डोक्याला पटका. खांद्यावर लाल कापडात बांधलेलं गाठोडं. म्हणाला, "कंप्युटर तुमीच चालवताव का? तुमचा खापरपंजा कोन, ठावं हाय का?"

म्हटलं, "न्हाई."

त्यानं तिथल्या तिथं उभ्यानं आमच्या घरची नऊ पिढ्यांची नावं म्हणून दाखवली. शोभाचे हात कीबोर्डवरच थांबले. मग त्यानं गाठोडं सोडलं. आत हातभर लांबीची वही, निम्मी मोडीत, निम्मी कानडीत. पान उलटलं की कडेचा तुकडा हातात यायचा.

"ही आता हात लावू देईना," तो म्हणाला. "माझ्या बापानं हाती लिवलेली. आमच्यात पोरगा बापाची वही उतरून काढतंय. माझं पोरगं हैदराबादला गाडी चालवायला गेलं. म्हनतंय, आप्पा, हे बैलावरचं काम आता कोन करतंय. मंग म्हनलं, कंप्युटरला सांगावं."

दोनशेच्या वर घरं होती त्यात. मल्लाप्पा वाचायचा, आम्ही सगळं मराठीत टाइप करायचो. सकाळी लाइट असेल तेवढे तास, आठवड्यातून तीन-चार दिवस, सात-आठ महिने. तो वाचताना मध्येच थांबायचा, काही शब्द तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा आणि म्हणायचा, "हे न्हाई लिवायचं." विचारलं तर नुसता हसायचा. संध्याकाळी मी पडद्यावरून वाचून दाखवायचो आणि तो चुका सांगायचा. शोभा म्हणाली, "जेवढं झालंय तेवढं छापून तरी ठेवू." मी म्हटलं, कशाला कागद आणि टोनर वाया घालवायचा? या सुगीच्या फेरीत नवीन जन्मलेली लेकरं आप्पा लिहून आणतील, ती भरू आणि एकदाच उदगीरला चांगल्या जाड कागदावर छापू. माझा हिशेब कसा सरळ होता!

आता चूक सांगतो. हेळव्यांचा एक रिवाज आहे. नवी वही पुरी झाली की जुनी नदीला द्यायची. एका घरात दोन वह्या जित्या ठेवायच्या नाहीत. मल्लाप्पा म्हणायचा, "दोन वह्या ऱ्हायल्या की दोन भाऊ एकेक घेऊन भांडतेत. एक म्हनतंय माझ्यात असं, दुसरं म्हनतंय माझ्यात तसं." आणि हे सगळं येळवशीच्या दिवशी करायचं. येळवस म्हणजे वेळा अमावस्या, आमच्याकडं त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवायला जातं.

येळवशीच्या सकाळी मल्लाप्पा नारळ घेऊन दुकानात आला. कॉम्प्युटरला हळदीकुंकू लावलं. मग त्यानं मला विचारलं, नीट समोर बसून विचारलं, "सिद्रामा, आली न्हवं समदी आत? देऊ का गंगंला?"

मी काय म्हणालो, ते मला आजही शब्दान् शब्द आठवतं. म्हणालो, "आप्पा, कॉम्प्युटरमध्ये गेलं म्हणजे गेलं. शंभर वर्षं काळजी न्हाई."

आम्ही दोघं जीपनं मांजरा नदीवर गेलो. त्यानं वही लाल कापडासकट पाण्यात सोडली. परत येताना आंबिल पिऊन दोघंही खुशीत होतो.

त्यानंतर तीन आठवड्यांत, भर दुपारी, बसस्टँडमागचा ट्रान्सफॉर्मर उडाला. आमच्या ओळीतले दोन टीव्ही गेले, पलीकडच्या हॉटेलचा फ्रिज गेला, आणि माझ्या कॉम्प्युटरच्या पाठीमागून धूर निघाला. कॉम्प्युटर उदगीरच्या मेकॅनिकनं दुरुस्त केला. डिस्क वाचली. लॉकची डबी मात्र जळून काळी झाली होती. हैदराबादला डीलरकडं गेलो तर तिथं चपलांचं दुकान. सॉफ्टवेअरची कंपनी दुसऱ्याच कुणी विकत घेतलेली. त्यांना पत्र टाकलं. त्यांनी कळवलं की नवीन आवृत्ती घ्या, मात्र जुन्या फायली तीत उघडतील याची खात्री देता येणार नाही. उसनंपासनं करून नवीन घेतलीही. नाही उघडल्या.

फायली डोळ्यांसमोर होत्या. नावं इंग्रजीत दिलेली म्हणून दिसत होती: 'वही १', 'वही २'. उघडलं की आत इंग्रजी अक्षरं, टिंबं, आकडे, डॉलरची चिन्हं. माझ्या स्वतःच्या नऊ पिढ्या त्या कचऱ्यात कुठंतरी होत्या.

पुढं जे केलं त्याची मला लाज वाटते. होळीच्या सुमाराला मल्लाप्पा नवीन लेकरांची नावं घेऊन आला, तर मी म्हणालो, "आप्पा, वही छापखान्यात हाय." शोभानं माझ्याकडं असं बघितलं की काय सांगावं. तो गेल्यावर म्हणाली, "सांगायला काय झालं होतं? खाल्लं असतं का त्यांनी तुम्हाला?" मी तिच्यावर ओरडलो. आणि वर्षभर ती एकच थाप मारत राहिलो. ते वर्ष मल्लाप्पा वहीशिवाय फिरला. एका गावात मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. एका दारात तो सहाव्या पिढीला अडखळला, आणि कट्ट्यावरची शिकलेली पोरं म्हणाली, "काय आप्पा, पाठ विसरलं व्हय?" तो हसला. मी त्याला दिसू नये म्हणून पानटपरीच्या आड झालो.

मग एक दिवस तो दुकानात आला, पटका काढून बाकावर ठेवला आणि म्हणाला, "उदगीरला जाऊन आलाव."

मी कीबोर्डवरची धूळ पुसायला लागलो.

"छापखानेवाला म्हनला, असली वही आमच्याकडं न्हाई."

मग मी सगळं सांगितलं. डबी, ट्रान्सफॉर्मर, हैदराबाद, थाप. शोभानं पाणी आणून ठेवलं. त्यानं ते प्यायलं नाही. वाटलं, आता हा शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हंजे वही हाय का न्हाई?"

"हाय आप्पा. डिस्कवर हाय. पण उघडत न्हाई."

"हाय म्हनतूस न्हवं?"

"हाय."

"मंग उघड," तो म्हणाला. पटका घातला आणि औरादची जीप धरली.

त्या एका शब्दानं माझं डोकं ठिकाणावर आलं. तोवर मी कंपनीला शिव्या देत होतो, ट्रान्सफॉर्मरला देत होतो, नशिबाला देत होतो. त्या दिवसापासून ठरवलं, दुकान बुडालं तरी चालेल, पण हे उघडायचं.

कॉम्प्युटरच्या एका मासिकाबरोबर लिनक्स नावाच्या फुकट सॉफ्टवेअरची सीडी आली होती. ती मी चहाच्या कपाखाली ठेवायचो. ती घातली. पहिले दोन महिने नुसता काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. माझं इंग्रजी अर्ज भरण्यापुरतं. पण एक गोष्ट लक्षात आली: इथं कुठंच कुलूप नव्हतं. आमच्याकडं झाडपाल्याचं औषध देणारी माणसं असतात. गुण येतो, पण मुळी कोणती ते सांगत नाहीत. माणूस गेला की औषधही त्याच्याबरोबर गेलं. माझं जुनं सॉफ्टवेअर त्या जातीचं. आणि ही लिनक्सची मंडळी कसली, तर औषध फुकट देतात, मुळी दाखवतात, कुठं उगवते ते सांगतात, आणि वर म्हणतात, तुला यात काही सुधारणा सुचली तर आम्हालाही कळव. यालाच ओपन सोर्स म्हणतात, हे मला नंतर कळलं. जगात असली येडी माणसं आहेत, यावर माझा विश्वासच बसेना.

त्यांचा पत्रव्यवहार ईमेलवर चालायचा, कुणीही लिहावं, कुणीही उत्तर द्यावं. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत वहीची हकिगत लिहिली. पहिलं उत्तर आलं त्यात एकानं झापलं होतं: आधी पुस्तक वाच, मग प्रश्न विचार. दुसरं केरळातल्या एका मास्तरांचं. त्यांच्या मल्याळमचीही हीच दशा होती म्हणे. त्यांनी लिहिलं, कोणतं चिन्ह म्हणजे कोणतं अक्षर याचा तक्ता तयार कर. त्यासाठी अशी फाइल शोध, जिच्यातला मजकूर तुला कागदावरही वाचता येतो. मग दोन्ही शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळव.

अशा फायली माझ्याकडं शेकड्यानं होत्या. लग्नपत्रिका! फाइल माझ्या डिस्कवर, पण छापलेलं कार्ड गिऱ्हाइकाच्या घरी. आम्ही मजकूर फक्त बटर पेपरवर, म्हणजे पारदर्शक कागदावर, काढून द्यायचो, छपाई उदगीरला व्हायची. मला आमंत्रणाची मिळाली तेवढीच कार्डं, आणि ती तर मी जपून ठेवलीच नव्हती.

मग सुरू झाली माझी फेरी. दुकानावर शोभा, आणि मी मोटारसायकलवर गावोगाव. कार्डं मात्र कुणी टाकलेली नव्हती. आमच्याकडं लग्नाचं पहिलं कार्ड देवापुढं जातं आणि ते तिथंच राहतं. ठाणाकुशनूरला एका बाईनं दार अर्धंच उघडलं.

"कामून पायजे तुमाला आमच्या लग्नाचं कार्ड? कोर्टाचं हाय का काय?"

"न्हाई हो अक्का. अक्षरं बघायचीत."

"कुनी लिवलेली?"

"म्याच लिवलेली."

"मंग तुमचीच अक्षरं तुमालाच कळंनात व्हय?" असं म्हणून ती पदर तोंडाला लावून इतकी हसली, की शेजारच्या दोघी बघायला आल्या. कार्ड दिलं तिनं. वर अट घातली, परत आणून देवापाशीच ठेवायचं. ठेवलं.

क, म, र, ल पटापट जुळले. त्यांच्याशिवाय कुणाचं लग्नच होत नाही. पण 'ढ' सापडेना! सगळ्या पंचक्रोशीत ढ नाही. शेवटी औरादच्या बाजूला एक ढवळे निघाले. त्यांनी कार्ड ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेलं. निघेना, आणि फाडू देईनात. मी ट्रंकेत डोकं घालून, बॅटरी धरून ते उतरवून घेतलं. ढवळेंच्या सुनबाईंनी तेवढ्यात चहा आणला आणि कप कुठं द्यावा ते त्यांना कळेना.

तक्ता झाला. मग फुकट मिळणाऱ्या एका प्रोग्रामिंगच्या भाषेत मी एक छोटासा प्रोग्राम लिहिला. माझी चिन्हं घ्यायची आणि त्यांची युनिकोड अक्षरं करून द्यायची. युनिकोड म्हणजे सगळ्या जगानं मिळून ठरवलेली अक्षरांची यादी. 'क'चा नंबर इथंही तोच आणि जपानमध्येही तोच. पण नुसत्या अदलाबदलीनं भागत नव्हतं. ऱ्हस्व वेलांटी जुन्या पद्धतीत अक्षराच्या आधी टाइप व्हायची, नवीन पद्धतीत नंतर. रफाराचं तिसरंच. 'धर्मा'चा 'धमार्' व्हायचा. केरळच्या मास्तरांना मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, पण त्यांनी माझा प्रोग्राम चार वेळा तपासून परत पाठवला. त्यांना ना मी कधी पाहिलं, ना त्यांनी मला. मी एकदा विचारलं, तुमची फी काय? त्यांनी लिहिलं, झालं की सगळ्यांसाठी खुलं करून टाक.

सव्वादोन वर्षं गेली. गिऱ्हाइकं कमी झाली, शेजारी नवीन दुकान निघालं. भाऊ म्हणाला, "त्या हेळव्यापायी येडं झालंय." झालो होतो, खोटं कशाला बोलू!

एका दुपारी दोनला लाइट आली. मी प्रोग्राम चालवला आणि 'वही १' उघडली. वर 'श्री' आला. त्याच्याखाली मल्लाप्पाच्या बापाचं नाव, आजाचं नाव, आणि मग एकामागून एक घरं, सरळ मराठीत, ओळीनं. शोभाला हाक मारली. ती येऊन माझ्या मागं उभी राहिली आणि मोठ्यानं वाचायला लागली. मी रडलो. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती तरी रडलो.

मल्लाप्पाला निरोप धाडला. तो आला, तर एवढ्या काळात त्याच्या चालीत फरक पडला होता, डावा हात थरथरायचा. मी वाचायला लागलो. तो डोळे मिटून ऐकत होता आणि प्रत्येक घरात माझ्या एक पिढी पुढं असायचा. चार दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी मला ते सांगावं लागलं, जे मी पहिल्या दिवसापासून टाळत होतो. ट्रान्सफॉर्मर उडाला त्या धक्क्यात डिस्कचा एक कोपरा खराब झाला होता. सात घरं निघाली नव्हती. काही केलं तरी निघत नव्हती.

कोणती सात, ते त्यानं विचारलं. आठवायचा प्रयत्न केला. दोन-दोन, तीन-तीन पिढ्या आल्या, मग तो थांबला.

मी म्हटलं, "आप्पा, तुमाला साधारण तर आठवतंय. टाकू का तसं?"

"अंदाजानं कुनाला बाप लावत नसतेत," तो म्हणाला.

वही छापली. या वेळी प्रती तीन काढल्या, आणि त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणाला, एकच. मी म्हणालो, आता मेलो तरी एक नाही. शेवटी तडजोड अशी झाली, की एक वही त्याच्याकडं जिती, आणि बाकीच्या दोन माझ्याकडं, पण त्यांचं पूजन करायचं नाही.

दुसरं भांडण त्याहून मोठं. माझ्या डोक्यात ओपन सोर्सचं वारं भरलेलं. म्हटलं, वहीच वेबसाइटवर टाकू. पुण्या-मुंबईला, हैदराबादला गेलेली आमची पोरं तिथूनच बघतील. सगळं खुलं! मल्लाप्पानं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग दारात कोन जाईल?" तो म्हणाला. "म्या दारात जातो तवा नुसतं सांगत न्हाई, इचारतो. कोन जलमलं, कोन गेलं, कोन रुसून कुटं गेलंय. आन् समदं सांगायचं नसतंय, सिद्रामा. कुनाचं पोर कुनाच्या मांडीवर दिलंय, ते मला ठावं हाय. म्या ते दारात गिळतो. तुजा कंप्युटर गिळंल का?"

मला राग आला. आठ दिवस बोललो नाही. मग पटलं. तो पुटपुटून कोणत्या ओळी गाळायचा, तेही उमगलं. प्रोग्राम माझा होता, तो मी जगाला देऊन टाकला. नांदेडच्या कुणी त्यावर शाळेची जुनी मासिकं काढली, आणखी कुणी त्यातली चूक दुरुस्त करून पाठवली. मला कुणी विचारलं नाही, आणि तेच मला फार आवडलं. वही मात्र माझी नव्हती. ती वेबसाइटवर गेली नाही.

उरली सात घरं. मल्लाप्पाला म्हटलं, तुम्ही फेरीला जाल तेव्हा त्यांना सांगा, असं असं झालं. तो म्हणाला, "म्या कामून सांगू? हातून तुज्या गेलं. तू सांग. म्या संगं येतो."

त्या सुगीला मी त्याच्याबरोबर फिरलो. कोरी वही घेऊन दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, तुमच्या घराची वंशावळ माझ्या हातून गेली, तुम्हाला आठवतंय तिथपासून सांगा. म्हणून बघा एकदा. एका घरानं आम्हाला आत घेतलं नाही. एकानं जुनी पहाणी काढून दिली, तिच्यातून तीन पिढ्या मिळाल्या. दुसऱ्या एका घरची एक पूर्ण शाखा कायमची गेली, ती पानं वहीत आजही कोरी आहेत. सहा घरं झाली. सगळीकडं एकच गोष्ट: पुढ्यात घोंगडी टाकून, पान खात हेळव्याचं ऐकत बसायचे ते बापे मरून गेलेले, आणि त्यांच्या पोरांना आज्याच्या पलीकडं काही ठाऊक नाही.

सातवं घर ठाणाकुशनूरच्या पुढं, ओढ्यापलीकडं. दोन्ही लेक पुण्याला बांधकामावर. घरी एकटी म्हातारी, सोजराबाई. ऐंशीच्या घरातली. अंगणात तुरी पाखडत बसलेली. मल्लाप्पा फाटकापाशीच थांबला. मी पुढं जाऊन सांगितलं.

तिचं सूप थांबलं. "समदी गेली?"

"व्हय, आजी."

"माज्या सासऱ्याची, आजेसासऱ्याची, समदी?"

"समदी. माझ्या चुकीनं गेली. तुमच्या लेकांना फोन केला होता, त्यांना दोन नावं सांगता आली. तुमाला कुनाचं आठवतंय का?"

तिनं सूप बाजूला ठेवलं. मग फाटकाकडं बघून म्हणाली, "हेळव्या, पासष्ट वर्सं झाली मला या घरात येऊन. तू यायचास, तुज्या आधी तुजा बाप यायचा. बापे म्होरं बसायचे. म्या त्या दाराच्या मागं उभी ऱ्हायची. दर सालाला. समदं पाठ हाय मला, मूळ गावापसनं."

मल्लाप्पा फाटक उघडून आत आला. मी वही उघडली, पेनचं टोपण काढलं.

"पन सासऱ्याचं नाव, मालकाचं नाव म्या उभ्या जल्मात तोंडानं घेतलेलं न्हाई," ती म्हणाली. "आमच्यात घेत नसतेत."

"मग आजी, कसं करायचं?"

"घेते. पन वर पयलं माजं लिव. तुमच्या एवढ्या वह्या झाल्या, तेच्यात एका बाईचं नाव हाय का?"

मी मल्लाप्पाकडं बघितलं. त्याच्या बापाच्या, आज्याच्या वहीत असं कधी झालं नव्हतं. पटका सारखा करून तो म्हणाला, "लिव."

मी लिहिलं: सोजराबाई. ती वाकून त्या अक्षरांकडं बघत राहिली. वाचता येत नव्हतं तिला. मग तिनं हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला, दाराच्या मागं जाऊन उभी राहिली, आणि तिथून खणखणीत आवाजात सासऱ्याचं नाव घेतलं.